माळ्यावर टाकलेले

पोटासाठी आम्ही संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो, ही गोष्ट साहित्याच्या बैठकीत सांगायचा आम्हांस आजवर संकोच वाटत आला. अलीकडे मात्र आमच्या हातून एक संपादकीय चूक घडली, आणि ती इथल्या वाचकांनाच नीट कळेल असे वाटते.

अपाची ओएफबिझ ही व्यापाराचा कारभार सांभाळणारी मुक्त आज्ञावली. 2001 साली ती सुरू झाली आणि 2006 च्या डिसेंबरात अपाची प्रतिष्ठानचा स्वतंत्र प्रकल्प झाली. हिशेब, मालसाठा, मागण्या, उत्पादन, मनुष्यबळ असे तिचे विभाग. ज्याला जे लागले त्याने ते लिहून जोडले, आणि लिहिणारा पुढे निघून गेला तरी त्याचे लिखाण राहिले. 2012 साली प्रकल्पातल्या मंडळींनी हा भार कमी करायचे मनावर घेतले. काही विभाग मूळ ग्रंथाबाहेर वेगळे ठेवले, तर काहींची रवानगी 'अ‍ॅटिक'मध्ये, म्हणजे माळ्यावर झाली. तिथले काही पुसले जात नाही, फक्त त्याची देखभाल कोणी करत नाही.

आम्हांस यात भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण होते. 1919 ते 1966 चाललेल्या त्या चिकित्सक आवृत्तीने प्रक्षिप्त श्लोक वगळले, पण फेकले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. व्यासांचा लेखनिक झालेला गणपतीही परिशिष्टात गेला. मराठी माणसाला ते अजून पचलेले नाही, पण ते असो.

एका सुक्या मेव्याच्या घाऊक व्यापाऱ्यासाठी आम्ही हीच आज्ञावली बसवली होती. ती जड झाली, हळू चालू लागली. विभागांच्या यादीतली एक ओळ झाकली की तो विभाग सुरूच होत नाही, इतके हे सोपे. 'उत्पादन' या ओळीपाशी आम्ही शेठजींना विचारले. ते म्हणाले, "आमचा कुठे कारखाना आहे?" आम्ही ओळ झाकली. यंत्र हलके झाले आणि आम्हांस, खरे सांगायचे तर, थोडा अभिमानही वाटला.

दिवाळीच्या तोंडावर मुनीमजींचा फोन आला. काजू, बदाम, मनुका एकत्र घातलेल्या भेटखोक्याची मागणी नोंदवता येईना. दोन दिवस आम्ही मागणीचा विभाग उलथापालथा करत होतो. मधल्या काळात मुनीमजी वहीत हाताने नोंदी करत होते आणि त्यांतल्या काही चुकल्याही. दोष सापडला तो आम्हीच झाकलेल्या ओळीत. अनेक वस्तूंचे एक खोके बांधणे हे या आज्ञावलीच्या लेखी उत्पादनच आहे; असे खोके मागितले गेले की मागणीचा विभाग उत्पादनाच्या विभागाला हाक मारतो. त्या हाकेला ओ देणारे कोणी उरले नव्हते.

शेठजी खोटे बोलले नव्हते, त्यांच्याकडे कारखाना नाहीच. आम्ही मात्र विभागाचे नाव वाचले आणि संहिता वाचलीच नाही. एखादा शब्द परका दिसला म्हणून ओवी प्रक्षिप्त ठरवणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आम्हीच कापले असते.

ओळ पुन्हा उघडली. तिच्याशेजारी टीप लिहिली: "दिवाळीच्या खोक्यांसाठी. काढू नये." मुनीमजींच्या चुकलेल्या नोंदी त्यांच्याशेजारी बसून दुरुस्त केल्या. मनुष्यबळाचा विभाग काढण्याचा बेत तूर्त लांबणीवर टाकला आहे. आधी तो वाचायचा आहे.