घरची गाडी आणि कामाची गाडी

गाडी घ्यायची हे ठरायला आम्हा दोघांना तीन वर्षे लागली आणि कोणती घ्यायची हे ठरायला आणखी तीन महिने. मिरजेच्या जुन्या वस्तीत राहून दावतींचा स्वयंपाक करणाऱ्या आमच्यासारख्या घराला पाच-सहा लाख रुपये ही सहज खर्चायची रक्कम नाही. म्हणून या तीन महिन्यांत जे पाहिले, मोजले आणि लोकांना विचारले, ते इथे मांडतो. पुष्कळ घरांत सध्या रात्रीच्या दस्तरख्वानावर हाच विषय निघत असेल. त्यांना यातले काही उपयोगी पडावे, एवढीच इच्छा.

घरात आम्ही पाचजण. आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. अम्मींचे गुडघे गेल्या काही वर्षांत फार दुखतात. रिक्षात चढताना एक पाय उचलून आत ठेवायचा आणि दुसऱ्यावर सगळा भार घ्यायचा, हे त्यांना जमत नाही. काठी आणि चालायचा वॉकर घेऊन त्या घरात फिरतात, नमाज खुर्चीवर पढतात. कुठून दावत आली की त्यांचे उत्तर ठरलेले, ‘मला कशाला नेता? तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते.’

दुसरीकडे आमचा धंदा. वलीमा, अकीका, सालगिरह, कुणाच्या घरची फातिहा, अशा कामांना बिर्याणीच्या देगा, दालच्याची पातेली आणि शेगड्या घेऊन जायचे. त्यासाठी आम्ही आजवर छोटा हत्ती भाड्याने बोलावत आलो. गाडीची गोष्ट निघाली तेव्हा प्रत्येकाने एकच सल्ला दिला : अशी गाडी घ्या की सकाळी देगा जातील आणि संध्याकाळी घरची माणसे. ऐकायला हे फार सोयीचे वाटते. आम्हीही शोध तिथूनच सुरू केला.

आमच्या ऐपतीत बसणाऱ्या दोन गाड्या समोर आल्या. एक मारुती सुझुकीची इको आणि दुसरी रेनॉची ट्रायबर. दोन्हींची शोरूममधली सुरुवातीची किंमत आज पाच ते सहा लाखांच्या दरम्यान आहे. ट्रायबरची वरची मॉडेल मात्र आठ लाखांच्या पुढे जातात. दोन्ही गाड्या चार मीटरच्या आत आहेत आणि दोन्हींचे पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत आहे. हा योगायोग नव्हे. अशा लहान गाड्यांना करात सवलत मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावर १८ टक्के जीएसटी आहे. आधी २८ टक्के आणि वर उपकर होता. इकोची लांबी ३६७५ मिलिमीटर आणि ट्रायबरची ३९९०, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम एक सेंटिमीटर आत.

शोरूमची किंमत ऐकून हिशेब करू नये, हेही सांगायला हवे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीवर ११ टक्के एकरकमी रस्ता कर लागतो. नव्या मोटारीचा तृतीय पक्ष विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. नोंदणीचा खर्च वेगळा. सहा लाखांची गाडी दारात येईपर्यंत सात लाखांच्या आसपास जाते.

आता दोन गाड्यांमधला फरक. इको २०१० साली आली. तिचे इंजिन पुढच्या सीटच्या खाली आहे आणि ताकद मागच्या चाकांना जाते. मागे वजन भरले की मागची चाके रस्त्याला अधिक घट्ट धरतात, म्हणून भाजीवाले, दूधवाले, बेकरीवाले तिला सोडत नाहीत. बाजूचे दरवाजे सरकते, छत उंच, तळ सपाट. पण काचा हाताने फिरवाव्या लागतात, आणि एसीची हवा समोरूनच येते. ट्रायबर २०१९ ची. तिचे इंजिन ९९९ सीसीचे, तीन सिलिंडरचे. सात माणसे बसतात आणि शेवटच्या रांगेतील सीट काढून घरी ठेवता येतात. सातही सीट लावल्या तर मागे ८४ लिटर जागा उरते, म्हणजे दोन पिशव्या. त्या काढल्या की तीच जागा ६२५ लिटर होते. वरच्या मॉडेलमध्ये मागच्या रांगांनाही एसीची हवा मिळते. एकूण बैठक मोटारीची, आरामाची.

देगांसाठी इको आणि माणसांसाठी ट्रायबर, असे वरवर दिसत होते. पण देगांचा प्रश्न गाडीपाशी नाही, कागदपत्रांपाशी येऊन थांबला.

पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापरासाठी असते. तिच्या विम्याच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा एक परिच्छेद असतो. तो सहसा कुणी वाचत नाही. आम्ही वाचला. भाड्याने वापर, तसेच नमुने आणि स्वतःचे सामान सोडून इतर मालाची ने-आण, या गोष्टी त्यात वगळलेल्या असतात. म्हणजे देगा भरून निघालो आणि वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. गाडीचे नुकसान एक वेळ सोसता येईल, पण समोरच्या माणसाचा जीव गेला तर त्याच्या घरच्यांची भरपाई कोण देणार? ही रक्कम आमच्यासारख्यांचे घर विकूनही फिटत नाही. इकोची मालवाहू आवृत्ती मिळते. ती पिवळ्या पाटीवर नोंदवली की कायद्याचा प्रश्न मिटतो. पण तिला पुढच्या दोनच सीट. आठव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते ते वेगळेच. अम्मींना आणि मुलांना मागे देगांच्या जागी बसवणार का?

‘सगळेच तर करतात,’ असे आम्हाला अनेकांनी सांगितले. करतात, हे खरे. पण रोजी हलाल असावी म्हणून गोश्त कुठून आले ते आम्ही विचारतो, तर ते पोहोचवण्याची रीतही साफ असायला हवी, यावर आम्हा दोघांचे एकमत झाले.

मग आम्ही वर्षभराची वही काढली. ४१ कामे होती. प्रत्येक वेळी छोटा हत्ती आला, चालक सोबत आला, त्याने देगा चढवायला हात लावला आणि भाडे गिऱ्हाइकाच्या बिलात लागले. देग सांडली, गाडी पंक्चर झाली, घाटात अडकली, तरी चिंता त्याची. गाडी स्वतःची असती तर तुपाचा आणि मसाल्याचा वास सीटमध्ये मुरला असता आणि दुरुस्ती आमच्या माथी आली असती. देगांना आमच्या गाडीची गरज नव्हती.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही दुसरी यादी लिहिली, ती न झालेल्या फेऱ्यांची. वर्षभरात अम्मी कुठे कुठे गेल्या नाहीत? कोल्हापूरला धाकट्या बहिणीकडे, जेमतेम पन्नास किलोमीटर. सांगलीत भाचीच्या बाळाचे अकीके. दोन मय्यती, जिथे जाऊन बसणे त्यांना फार गरजेचे वाटत होते. ईदगाहजवळची दाताची डॉक्टरीण. अशा १९ जागा निघाल्या. पेट्रोलचा, भाड्याचा, हप्त्याचा हिशेब सगळे करतात. न झालेल्या फेऱ्या कुठल्याच बिलात येत नाहीत, आणि घरात ज्याचा आवाज सर्वांत हळू, त्याच्याच त्या असतात. ती यादी झाल्यावर गाडी कोणासाठी घ्यायची हे ठरले.

पैशाचेही सांगतो. व्याजाचे कर्ज नको, हे घरात पहिल्यापासून ठरलेले. त्यामुळे भिशीचे पैसे आणि धंद्यातली बचत जमेपर्यंत थांबावे लागले. याच थांबण्याची तीन वर्षे. साठवलेल्या रकमेवर वर्ष उलटले की जकात काढावी लागते, ती रक्कम गाडीसाठी ठेवली असली तरी. घरच्या वापरातल्या गाडीवर मात्र जकात नाही. रोखीने घ्यायचे असले की शोरूममधल्या माणसाचा उत्साह थोडा कमी होतो, हे आमच्या लक्षात आले. पण रोखीचा एक फायदा असा की माणूस हप्त्याच्या मोहात वरचे मॉडेल घेत नाही. जेवढे आहे तेवढ्यातच निवडतो.

माणसांसाठी घ्यायची म्हटल्यावर ट्रायबर पुढे होती. शोरूममध्ये अम्मींना दोन्ही गाड्यांत बसवले. ट्रायबरमध्ये त्या आधी बसल्या आणि मग पाय आत घेतले. गुडघ्यांना हीच रीत सोपी. इकोचा तळ उंच, तिथे पाय उचलावा लागला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मुलांना तर ट्रायबरच हवी होती. पण शोरूमची फरशी गुळगुळीत आणि मोकळी असते. आपले घर तिथे नसते. म्हणून आम्ही टेप घेऊन आपली बोळ मोजली.

विजेच्या खांबापाशी बोळ साडेसहा फूट, आमच्या दारापाशी साडेसात. ट्रायबरची रुंदी १७३९ मिलिमीटर, आरसे सोडून. खांबापाशी आरसे मिटून ती कशीबशी निघाली असती. पण दारात पलीकडच्या भिंतीला चिकटून उभी केली तरी अलीकडे पावणेदोन फूटच उरतात. तिचा दरवाजा बाहेर उघडतो. एवढ्या जागेत तो अर्धाही उघडणार नाही, आणि वॉकर घेतलेल्या माणसाने तिथून आत कसे शिरायचे? गाडी मशिदीच्या कोपऱ्यावर उभी करावी लागली असती. तिथवर अम्मींची साठ-सत्तर पावले, पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून. इकोची रुंदी १४७५. दारात अडीच फुटांहून थोडी अधिक जागा राहते आणि दरवाजा मागे सरकतो, त्याला बाहेर जागाच लागत नाही.

इकोची पायरी उंच, हे खरे. पण पायरीला उपाय आहे. ओळखीच्या सुताराने रबर ठोकलेला, रुंद पायांचा लाकडी चौरंग करून दिला. आता अम्मी आधी चौरंगावर, मग गाडीत, वरची कड धरून. बोळीला मात्र उपाय नाही, ती दीडशे वर्षांची आहे. ज्याला उपाय आहे ती अडचण पत्करावी आणि ज्याला नाही ती टाळावी, या एका गोष्टीने निकाल लागला.

सुरक्षेचा प्रश्न सोपा नव्हता, आणि तो झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०१६ च्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या इकोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. ट्रायबरला २०२१ मध्ये मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. २०२५ पासून दोन्ही गाड्यांत सहा एअरबॅग येतात, पण ताऱ्यांचा तो फरक आम्ही विसरलो नाही. आमचा बहुतेक प्रवास गावातला आणि सांगली-कोल्हापूरपर्यंतचा. म्हणून नियम केले. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, साठच्या वर काटा न्यायचा नाही, रात्रीचा महामार्ग टाळायचा. दुआ पढून निघावे आणि पट्टाही लावावा. तवक्कुलमध्ये दोन्ही येते.

इकोतही निवड करावी लागते. सहा आसनी गाडीत एसी नाही, एसी पाच आसनीत मिळतो. मिरजेचा एप्रिल ज्यांनी काढला आहे त्यांना याचे कारण सांगायला नको. आम्ही पाच, म्हणून पाच आसनी घेतली. नणंद मुलांसह येते तेव्हा दोन फेऱ्या होतात. वर्षातल्या चार दिवसांसाठी उरलेले दिवस उकाड्यात काढण्यात अर्थ नव्हता. सीएनजीचाही विचार केला. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे पेट्रोलवर लिटरला १९.७१ किलोमीटर आणि सीएनजीवर किलोला २६.७८. रोज लांब जाणाऱ्याने सीएनजीच घ्यावी. पण टाकी मागची जागा खाते आणि आम्हाला तिथे वॉकर, चौरंग आणि दावतीला न्यायचा डबा ठेवायचा असतो. आमची धाव थोडी, म्हणून पेट्रोल.

आमचा निकाल सगळ्यांनी उचलावा असे मुळीच नाही. ज्यांच्या दारापुढे रुंद रस्ता आहे, ज्यांना वर्षातून अनेकदा पुणे-मुंबई गाठायची असते, ज्यांच्या घरी खरेच सातजण रोज एकत्र निघतात, त्यांनी ट्रायबर बघावी. ज्यांचा माल रोज सकाळी निघतो, त्यांनी पिवळ्या पाटीची मालवाहू गाडी घ्यावी आणि घरासाठी रिक्षा सांगावी. विक्रेत्याला गाडी आपल्या दारात आणून दाखवायला सांगावे. लाजू नये. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला तिथेच चढून-उतरून पाहायला सांगावे. मशवऱ्यात त्यांचे मत शेवटी नव्हे, आधी घ्यावे.

गाडी येऊन चार महिने झाले. देगा अजून छोट्या हत्तीवरच जातात. वहीतल्या १९ जागांपैकी ११ झाल्या. कोल्हापूरच्या खाला आता दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारतात की चौरंग कधी येतोय. गेल्या आठवड्यात एक दावत आली तेव्हा अम्मींनी ‘तुम्ही जाऊन या’ म्हटले नाही. किती वाजता निघायचे, एवढेच विचारले. अल्हम्दुलिल्लाह.