एस्द्रासला न मारता

'ब्लास्फेमस' पहिल्यांदा खेळायला घेणारा माणूस पहिल्या काही तासांत एकदा तरी काट्यांवर पडून मरतोच. आयुष्याची पट्टी भरलेली असो की रिकामी, काट्यांना फरक पडत नाही. पाय घसरला की संपलं. मग शेवटच्या वेदीपासून पुन्हा चालायचं, वाटेतले शत्रू पुन्हा मारायचे आणि त्याच उडीपाशी येऊन थांबायचं. अशा खेळाकडे माणसं परत का वळतात, हा प्रश्न न खेळणाऱ्यांना पडतो. खेळणाऱ्यांना तो पडत नाही, पण त्याचं उत्तर त्यांनाही चटकन देता येत नाही.

हा खेळ 10 सप्टेंबर 2019 रोजी आला. तो बनवला स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या 'द गेम किचन' या छोट्या स्टुडिओने. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे 50,000 डॉलर मागितले होते. लोकांनी 3,33,000 हून अधिक दिले. मागे उभं राहून बघितलं तर साचा ओळखीचा आहे. 1986 मध्ये जपानमध्ये आलेल्या 'मेट्रॉइड' आणि 'कॅसलव्हेनिया' या दोन खेळांच्या वंशातला हा आणखी एक: एक मोठा, आडवातिडवा नकाशा, बंद दारं, नवी शक्ती मिळाली की जुन्या जागी परत जाऊन उघडायच्या वाटा. वेगळेपण आहे ते मातीचं. यातलं गॉथिक जग ट्रान्सिल्व्हेनियातून आलेलं नाही. ते सेव्हिलच्याच आंदालुसिया प्रांतातून आलं आहे.

सेव्हिलमध्ये ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात पन्नासहून अधिक धर्मसंघ मिरवणुका काढतात. येशू आणि मारिया यांच्या मूर्तींचे जडशीळ मखर माणसं मानेवर तोलून नेतात. ही माणसं मखराखालच्या पडद्याआड असतात, बघणाऱ्याला दिसतात ती फक्त त्यांची पावलं. त्यांच्या पुढेमागे उंच टोकदार टोप्या घातलेले, चेहरे झाकलेले प्रायश्चित्तकर्ते चालतात. या टोपीला कापिरोते म्हणतात. गोयाच्या 'चाबकाचे फटके मारून घेणाऱ्यांची मिरवणूक' या चित्रातही ती दिसते; हे चित्र माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत आहे. 'ब्लास्फेमस'चा नायक हीच टोपी घालतो, फक्त ती धातूची आणि काटेरी. पहिला मोठा शत्रू मारल्यावर तो त्याच्या रक्ताने टोपी भरतो आणि डोक्यावर चढवतो. त्याला नाव नाही, बोलणं नाही. तलवारीचं नाव मात्र आहे: मेआ कुल्पा, म्हणजे 'माझा दोष'.

आपल्याकडे हे सगळं अगदीच परकं नाही. गोवा वेल्हा इथे प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यात सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. फ्रान्सिस्कन परंपरेतली ही मिरवणूक पोर्तुगीज काळापासूनची. ज्याने ती पाहिली आहे, त्याला या खेळातली सजवलेली, खांद्यांवरून चालणारी दुःखं ओळखू येतील.

खेळ कठीण का, हे त्याच्या एका नियमातून कळतं. नायक मेला की मेल्या जागी अपराधाचा एक तुकडा मागे राहतो आणि प्रार्थनेसाठी लागणाऱ्या आवेशाची पट्टी आखूड होते. परत जाऊन तो तुकडा उचलला तर ती पूर्ववत होते. नाहीतर कबुलीजबाबाच्या पुतळ्यापुढे 'प्रायश्चित्ताचे अश्रू' मोजावे लागतात. इथलं चलनच ते आहे. थोडक्यात, हरलं की शिक्षेपेक्षा ओझं वाढतं. बहुतेक खेळांत मृत्यू ही गोष्टीबाहेरची घटना असते, तो झालाच नाही असं समजून खेळ पुढे सरकतो. इथे प्रत्येक मरण हिशेबात धरलं जातं.

शक्तीही अशाच कंजूषपणे मिळतात. हवेतल्या हवेत दुसरी उडी नाही. ठराविक भिंतींत तलवार खुपसून लोंबकळता येतं, तेवढंच. बाकी सगळं संतांच्या अवशेषांवर: एक अवशेष जवळ असेल तर भिंतीतून मुळं फुटतात आणि त्यांना धरून चढता येतं, दुसरा असेल तर विषारी धुक्यातून जाता येतं. पण एका वेळी जवळ बाळगायला जागा मोजकीच, त्यामुळे कोणता ठेवायचा याचा विचार सतत डोक्यात.

आणि लढाई. शत्रूचा घाव बसण्याच्या ऐन क्षणी तलवार आडवी धरली तर तो लडखडतो आणि उलटा वार जोरात बसतो. क्षणभर लवकर धरली तर घाव अंगावर, क्षणभर उशिरा धरली तरी अंगावर. बटण दाबणाऱ्या अंगठ्याला ही वेळ सापडेपर्यंत नाकी नऊ येतात. गंमत म्हणजे ती डोक्याने सापडत नाही. शत्रूचा खांदा मागे जातो, शस्त्र वर जातं, तिथून खाली यायला लागतं, आणि या तीन हालचालींच्या मध्ये कुठेतरी हात आपसूक हलतो.

वर्ष-दोन वर्षांनी परत आलेल्या खेळाडूला पहिल्यांदा जाणवतं ते हेच. वाटा विसरलेल्या असतात, नावं विसरलेली असतात, पण अंगठा काही विसरलेला नसतो. ज्या शत्रूने कधीकाळी संध्याकाळच्या संध्याकाळी खाल्ल्या, तो दोन-तीन प्रयत्नांत पडतो. मग एक वेगळीच गोष्ट घडते: डोळे मोकळे होतात.

पहिल्या खेपेला तेन पिएदाद हा राक्षस म्हणजे उड्या मारणारी आणि जमिनीतून काटे काढणारी एक अडचण असते. दुसऱ्या खेपेला दिसतं की लढाई सुरू होण्याआधी तो एका प्रचंड स्त्रीमूर्तीच्या मांडीवर पडलेला आहे. ही मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मारियेची रचना, जी युरोपभरच्या चर्चमध्ये दगडात कोरलेली सापडते. मेल्कियादेस हा थडग्यातून उकरून काढलेला आर्चबिशप. त्याचं जरतारी वस्त्रांतलं प्रेत हातांवर तोललेलं असतं, आणि सेव्हिलची मखरं आठवल्याशिवाय राहत नाहीत. एक्स्पोसितो हे डोळ्यांवर पट्टी बांधलेलं अवाढव्य मूल, वेताच्या आईच्या कुशीत. त्याच्या खऱ्या आईला जाळलेलं होतं. हे सगळं पहिल्यांदाही पडद्यावर होतंच. पण जीव वाचवायच्या गडबडीत मांडीवरचा मृतदेह कोण बघतो?

विरिदियानाच्या बाबतीत हे जास्त बोचतं. काही मोठ्या लढायांच्या आधी ही स्त्री भेटते आणि मदत करू का, विचारते. पहिल्या खेपेला दमलेला खेळाडू 'हो' म्हणतो. कोण नाही म्हणेल? तिच्या मदतीने लढाई निभावते आणि तो पुढच्या दाराकडे धावतो. ती प्रत्येक मदतीनंतर म्हातारी होत चालली आहे, हे अनेकांच्या फार उशिरा लक्षात येतं. मदत घेत राहिलं तर तिचं आयुष्यच संपतं. खेळ याबद्दल ताकीद देत नाही, ती नुसती पुढच्या भेटीत पांढऱ्या केसांनी समोर येते. दुसऱ्या खेपेला तोच प्रश्न ती विचारते तेव्हा बटण दाबणारा अंगठा थांबतो. आता नकार परवडतो, कारण हातांत कसब आलेलं असतं.

या खेळाकडे परत येण्यातलं सगळं सार इथे सापडतं. कठीणपणा आधी माणसाला निर्दय करतो: दिसेल त्याला मारा, मिळेल ते घ्या, पुढची वेदी गाठा. त्याच कठीणपणाने दिलेलं कौशल्य पुढे त्याला निवडीची मोकळीक देतं. सोप्या खेळात ही मोकळीक पहिल्यापासूनच असते, म्हणून तिची किंमत कळत नाही.

बनवणाऱ्यांनाही ही दुसरी फेरी महत्त्वाची वाटली असावी. ऑगस्ट 2020 मध्ये 'द स्टर ऑफ डॉन' ही भर त्यांनी फुकट दिली. तिच्यामुळे खेळ पुन्हा पहिल्यापासून, जास्त जबर शत्रूंसह खेळता येऊ लागला, आणि सुरुवातीलाच तीनपैकी एक प्रायश्चित्त निवडून स्वतःचे हात आणखी बांधून घेता येऊ लागले. त्याच वेळी स्पॅनिश आवाजही आले. आंदालुसियाची ही माणसं अखेर इंग्रजी सोडून आपल्या भाषेत बोलू लागली, आणि ज्यांनी खेळ आधी इंग्रजीत संपवला होता त्यांना तो पुन्हा ऐकण्यासाठी उघडावा लागला.

डिसेंबर 2021 मधली 'वून्ड्स ऑफ इव्हनटाइड' ही भर त्याही पुढे गेली. तिने खेळाला नवा शेवट दिला आणि तिथवर जाणारी वाट एस्द्रासजवळून काढली. एस्द्रास हा पुलावरचा पहारेकरी, विजेने भारलेली गदा घेतलेला धिप्पाड योद्धा. त्याला लोळवायच्या बेताला यावं तर त्याची बहीण पर्पेतुआ मदतीला उतरते आणि एकाच्या जागी दोघांशी झुंजावं लागतं. पहिल्या खेपेला त्याला मारण्यावाचून गत्यंतर नसतं. नव्या वाटेवर मात्र एक अर्धवट स्कॅपुलर आधीच शोधून जवळ ठेवावं लागतं. स्कॅपुलर म्हणजे दोऱ्यांनी जोडलेले कापडाचे दोन लहान तुकडे. वसई आणि गोव्यातल्या अनेक कॅथलिक घरांत ते गळ्यात घालतात. ते जवळ असेल तर एस्द्रास लढत नाही. शस्त्र आवरतो, बाजूला होतो, आणि पुढे पुन्हा भेटतो, जिवंत.

ज्यांच्या जुन्या डावात एस्द्रास आधीच मेलेला होता, त्यांना हा शेवट बघण्यासाठी नवा डाव मांडावा लागला. काट्यांपासून, पहिल्या वेदीपासून सगळं परत. पुलापर्यंत पोचून एस्द्रासला सोडून दिल्यावरही खेळ काही मवाळ होत नाही. चर्चच्या छपरांवर क्रिसांता नावाची आणखी एक मोठी शत्रू वाट पाहत असते, आणि तिच्यासाठी कुठलंही स्कॅपुलर चालत नाही. तिच्याशी लढावंच लागतं.