गोचीड भिंतीत राहते

गोचीड म्हटलं की इंटरनेट लाइम रोगाची भीती घालतं. तो पसरवणारी गोचीड वेगळी. महालातल्या आमच्या मोतीला लागली ती तपकिरी, आणि तिने आणला एर्लिकिया नावाचा जिवाणू. ताप आला, प्लेटलेट घसरल्या, नाकातून रक्त आलं. डॉक्सिसायक्लिनच्या 28 दिवसांनी मोती सावरला.

पण ही गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. रक्त पिऊन खाली उतरते, भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. जुन्या वाड्यात फटींना काय तोटा! आम्ही त्या बुजवल्या. दर महिन्याला मोतीला डॉक्टरांनी दिलेलं औषध लावतो. रोज कान, बोटांच्या बेचक्या तपासतो. सापडलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढतो. शेजारच्या आजी रॉकेल सुचवतात. त्याने कातडी भाजते, आजी. अंडी भिंतीतच राहतात.