एक डिस्क, दोन हिस्से

विद्यार्थी मित्रांनो, वही नवी असो की शेत नवे, आखणी आधी करावी लागते. संगणकाच्या नव्या हार्ड डिस्कचेही तसेच आहे. आमच्या शाळेच्या संगणकासाठी नवी डिस्क आणली, तेव्हा तिचे हिस्से किती करावेत हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले.

तुम्ही उर्दूत ज्याला तकसीम म्हणता, त्यालाच मराठीत विभाजन म्हणतात. डिस्कच्या विभाजनात आतील तबकड्या कापाव्या लागत नाहीत. कोणता हिस्सा कोठून कोठपर्यंत, एवढेच डिस्कवरील एका तक्त्यात लिहिले जाते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जमीन दुभंगली का? वैनगंगा होती तेथूनच वाहत राहिली. आपले नागभीड चंद्रपूरमध्ये राहिले. बदलल्या त्या सरकारी नोंदी.

डिस्क एक टेराबाईटची होती. पण संगणकाने ९३१ जीबीच दाखवले. "सर, दुकानदाराने कमी तर दिले नाही ना?" असे एका मुलाने विचारले. तसे नव्हते. डिस्क बनवणारे १००० च्या पटीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीने. माल तेवढाच, माप वेगळे!

आता हिस्से किती करावेत? एक सहकारी म्हणाले, "चार करा. एक विंडोजचा, एक कार्यालयाचा, एक शिक्षकांचा, एक मुलांचा." ऐकायला हे छान वाटते. पण आपल्याकडच्या धानाच्या बांध्या आठवा. एक बांधी तुडुंब भरलेली असते आणि शेजारची कोरडी. मधला धुरा फोडल्याशिवाय पाणी पलीकडे जात नाही. डिस्कचा एक हिस्सा भरला, तर शेजारची रिकामी जागा त्याला आपोआप मिळत नाही. सीमा नंतर हलवता येते. पण भरलेल्या डिस्कवर ते जोखमीचे काम असते.

मग एकच हिस्सा ठेवावा का? विंडोज बिघडली की ती नव्याने टाकताना तिचा हिस्सा अनेकदा पुसावा लागतो. त्यातच आपले कामही असेल, तर तेही जाते. आमच्या संगणकात मुलांनी आपापल्या नानी-दादींकडून ऐकून ध्वनिमुद्रित केलेल्या गोष्टी आहेत. त्यांपैकी दोन आजीबाई आता हयात नाहीत. त्यांचा आवाज कोणत्या दुकानात मिळेल?

या प्रश्नातच मला उत्तर सापडले. हिस्से माणसांप्रमाणे पाडायचे नाहीत. पुन्हा मिळू शकते ते एकीकडे आणि पुन्हा मिळू शकत नाही ते दुसरीकडे! विंडोज आणि उर्दू लिहिण्याचे इनपेज पुन्हा टाकता येते. त्यांच्यासाठी 'सी' हा २०० जीबीचा हिस्सा केला. (ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली असत, म्हणून डिस्कची सुरुवात सीपासून होते.) विंडोज स्वतःसाठी काही लहान हिस्से करते, ते सोडून उरलेली सर्व जागा 'डी'ला दिली. गोष्टी, निकालपत्रके आणि मुलांचे निबंध तेथे ठेवले.

पण मित्रांनो, एवढ्याने निश्चिंत होऊ नका. धुरे कितीही पक्के असले, तरी सगळ्या बांध्या एकाच तलावाचे पाणी पितात. तलाव आटला की साऱ्या सुकतात. तशीच डिस्क बंद पडली, तर सीबरोबर डीही जातो. विभाजनाने व्यवस्था येते, सुरक्षितता येत नाही. ती येते दुसऱ्या प्रतीने. म्हणून त्या गोष्टींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि ती डिस्क शाळेबाहेर, एका शिक्षकांच्या घरी ठेवली.

तुमच्या घरी संगणक असेल किंवा नुसता मोबाईल असेल. त्यात पुन्हा न मिळणारे काय काय आहे, याची एक छोटी यादी करा. कुणाचा आवाज असेल, कुणाचे छायाचित्र असेल. यादी झाली की त्याची दुसरी प्रत करा. ते काम उद्यावर टाकू नका.