आपल्या चालीने ऱ्होड्स

उतारवयात दूरच्या प्रवासाला निघावे की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा उभा राहतो. घरात दीर्घ आजाराचे माणूस असेल, तर प्रश्न विचारण्याआधीच त्याला 'नको' हे उत्तर मिळालेले असते. हे 'नको' प्रेमापोटी आलेले असते, म्हणूनच त्याच्याशी वाद घालणे अवघड जाते. त्या 'नको'ला आम्ही एका दिवसापुरते दिलेले उत्तर आज आपल्यापुढे ठेवते आहे. तो दिवस आम्ही दोघांनी ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर, जहाजाने आखलेली सहल न घेता, आमच्या आम्ही घालवला.

माझे यजमान ७४ वर्षांचे आणि मी ६९. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून त्यांनी उभी हयात धरणांवर आणि कालव्यांवर काढली. सात वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो आजार असल्याचे निदान झाले. आपल्याकडील स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला हे दोन्ही शब्द प्रिय आहेत, कारण त्यांत कुणी बिचारे नाही आणि कुणी उपकारकर्तेही नाही.

विवाहाच्या पन्नासाव्या वर्षी मुलांनी समुद्रसफरीचा आग्रह धरला आणि डॉक्टरांनी संमती दिली. अशा सफरीत आमच्यासारख्यांची मोठी सोय असते. रोज सामान बांधावे लागत नाही, खोली एकच राहते आणि जहाजावर डॉक्टर असतो. कसोटी लागते ती जहाज बंदराला लागते त्या दिवशी. ऱ्होड्सला आमच्या जहाजाची मुख्य सहल लिंडोस या गावी जाणार होती. तिथला किल्ला उंच खडकावर आहे आणि वाट चढणीची आहे. पन्नासेक किलोमीटरचा बसप्रवास, पुढे चढ, आणि पुढे चालणाऱ्या मार्गदर्शकाच्या हातातील फलकामागे धावणारे चाळीस जण. पार्किन्सन्समध्ये घाई ही फार वाईट सोबतीण असते. कुणी मागून 'चला, चला' म्हटले की पाय जागीच खिळतात. म्हणून आम्ही बंदराला लागून असलेले जुने शहर तेवढे पाहायचे ठरवले.

आपणही असे करू इच्छित असाल, तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली, तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे उतरलेल्या प्रवाशांसाठी ते थांबेलच, असे धरून चालता येत नाही. तेव्हा दिवस शेवटाकडून मांडत यावा. आमचे जहाज सायंकाळी सहाला सुटणार होते आणि साडेपाचपर्यंत परतणे बंधनकारक होते. आम्ही स्वतःला तीनची वेळ दिली. वाटेत बसावे लागले, पाय अडले, स्वच्छतागृह शोधावे लागले, तरी अडीच तास हाताशी राहणार होते. जहाजाचे घड्याळ आणि बेटावरचे घड्याळ एकच वेळ दाखवते आहे ना, याचीही उतरण्यापूर्वी खात्री करून घेतली. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. तो कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवला. युरोपात तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक चालतो, तोही त्याच कागदावर होता.

मात्र आमचे खरे घड्याळ औषधाचे होते. लेव्होडोपाची गोळी घेतल्यावर काही वेळाने शरीर मोकळे होते आणि तिचा अंमल ओसरू लागला की पुन्हा जडावते. उन्हाळी वेळापत्रकात ग्रीस भारताच्या अडीच तास मागे असतो, म्हणून गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या हे डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच लिहून घेतले होते. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार अशा त्या वेळा होत्या. नऊ ते साडेअकरा हा यजमानांचा सर्वांत चांगला काळ, म्हणून चालणे सगळे त्यातच बसवले. गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत होत्या आणि सोबत औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी होती, कारण व्यापारी नावे देशागणिक बदलतात.

सप्टेंबरअखेरची सकाळ होती. ऊन कोवळे, वारा समुद्रावरून येणारा. जुन्या शहराचा तट धक्क्यावरूनच दिसत होता. समुद्रद्वारापर्यंतचे अंतर धडधाकट माणसाला दहा मिनिटांचे, आम्हाला पंचवीस मिनिटे लागली. दोन भक्कम बुरुजांमधील त्या दरवाजाशी यजमानांचे पाय थबकले. अरुंद जागा, उंबरठा, समोरून येणारी माणसे, ही या आजारात पाय अडण्याची नेहमीची ठिकाणे. ओढू नये, ढकलू नये, हे आम्हाला फिजिओथेरपिस्टने शिकवले आहे. आम्ही बाजूला सरकून उभे राहिलो. त्यांनी अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेला, मी हलक्या आवाजात 'एक, दोन, एक, दोन' म्हणू लागले आणि पाऊल उचलले गेले. आत शिरताच लागणाऱ्या चौकाला हिप्पोक्रेटिसचे नाव आहे. वैद्यकाचा तो आद्य आचार्य कोस या शेजारच्या बेटावरचा. मधोमध एक जुने कारंजे आहे. तिथे आम्ही दहा मिनिटे बसलो आणि पाणी प्यालो.

आम्हाला पाहायचे होते ते एक रुग्णालय. सेंट जॉनच्या नावाने ओळखला जाणारा धर्मयोद्ध्यांचा संघ १३०९ ते १५२२ या काळात ऱ्होड्सवर राज्य करीत होता. हातात तलवार असली, तरी या संघाचा उगम जेरुसलेममधील एका रुग्णसेवागृहात होता. आपल्याकडे प्रथमोपचाराचे वर्ग घेणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था त्याच परंपरेचा वारसा सांगते. ऱ्होड्सवरील रुग्णालयाचे बांधकाम १४४० मध्ये सुरू झाले आणि १४८९ मध्ये पूर्ण झाले. आज त्या वास्तूत पुरातत्त्व संग्रहालय आहे.

रुग्णांचे दालन वरच्या मजल्यावर, अंगणातून दगडी जिन्याने चढून जावे लागते. जिना पाहून माझ्या छातीत धस्स झाले, यजमान मात्र हसले. या आजाराची एक गंमत आपल्यापैकी काहींनी घरी अनुभवली असेल. सपाट जमिनीवर अडखळणारी पावले पुष्कळदा जिन्यावर नीट पडतात, कारण प्रत्येक पायरी डोळ्यांना पुढच्या पावलाची जागा दाखवते. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते सावकाश, पण न अडता चढले. (उतरताना मात्र दुप्पट जपावे लागते. तेव्हा मी त्यांच्या एक पायरी खाली होते.)

वरचे दालन लांबलचक आहे. मधोमध खांबांची आणि कमानींची एक रांग जाते, भिंतींत लहान खोल्या आहेत. एका बाजूला प्रार्थनेची छोटी जागा काढलेली आहे, म्हणजे अंथरुणावरच्या माणसालाही प्रार्थनेत भाग घेता यावा. त्या संघाच्या नियमांत रुग्णाला 'स्वामी' मानलेले होते. सेवा करणारा सरदार घराण्यातला असो, खाटेवर झोपलेला माणूस हा त्याचा धनी. एका कमानीखाली उभी राहून मी त्या शब्दाचा बराच वेळ विचार केला. आपण शुभंकर मंडळी दिवसभर राबतो. औषध देतो, आधार देतो, पथ्य सांभाळतो. आणि या राबण्यातूनच नकळत धनीपण आपल्याकडे येत जाते. काय खायचे, कुठे बसायचे, किती चालायचे हे आपण ठरवू लागतो. सेवा तशीच राहते, स्वामी मात्र बदलतो.

त्या शब्दाची परीक्षा पुढच्या अर्ध्या तासातच झाली. रुग्णालयाच्या कोपऱ्यापासून सरदारांचा रस्ता सुरू होतो. ग्रीक भाषेत त्याचे नाव इप्पोतोन. सरळ रेषेत वर चढत जाणारा, गोट्यांची फरसबंदी असलेला, दोन्ही बाजूंना निरनिराळ्या भाषकगटांच्या योद्ध्यांचे दगडी वाडे असलेला हा रस्ता थेट महासरदाराच्या प्रासादाकडे जातो. यजमान तोंडाशी उभे राहून बांधकाम न्याहाळत होते. मग म्हणाले, "तू इथे बस. मी त्या वाड्याच्या दारापर्यंत एकटा जाऊन येतो."

"अहो, मीही येते ना बरोबर."

"नको. मला एकट्याने बघायचंय."

दोन वर्षांत ते घराबाहेर एकटे चालले नव्हते. पडण्याची भीती खरी होती. या वयात मोडलेले खुब्याचे हाड घराचा सारा क्रम उलटवून टाकते, आणि आम्ही परक्या देशात होतो. मी मनातल्या मनात हिशेब केला. गोळी घेऊन पावणेतीन तास झाले होते आणि चाल अजून मोकळी होती. जमीन कोरडी होती. गर्दी तुरळक, चढ सौम्य, बूट पक्के, हातात काठी. रस्ता सरळ असल्याने ते सतत माझ्या नजरेत राहणार होते. यातली एखादी बाजू जरी लंगडी असती, तरी मी हट्टाने सोबत गेले असते. तशी ती नव्हती. मी एका पायरीवर बसले.

पाठीतून थोडे वाकलेले, उजवा हात अंगाशी धरलेले ते हळूहळू वर निघाले. निम्म्या वाटेवर पाय खिळले. एक तरुण पर्यटक थांबला, त्याने हात पुढे केला. ह्यांनी मान हलवून त्याला नकार दिला. माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि ते तिथेच ठेवणे हे त्या दिवशीचे माझे सर्वांत कठीण काम होते. मग त्यांचे ओठ हलताना दिसले. एवढ्या दुरून ऐकू येणे शक्य नव्हते, पण मला ते पाठ होते. एक, दोन. पाऊल सुटले. ते दारापर्यंत गेले, काठीने जमिनीवर काही तपासले, मान वर करून भिंत पाहिली आणि परतले. सारे मिळून चौदा मिनिटे.

जवळ येऊन बसल्यावर घाम पुसत म्हणाले, "पावसाचं पाणी कुठून कसं काढलंय ते पाहून आलो." त्यांच्या आवाजात धरणाच्या बांधावरून घरी परतलेल्या माणसाचा सूर होता. तो मी फार दिवसांनी ऐकला.

पुढचा दिवस साधा होता. बाराची गोळी घेऊन तासाभराने जेवलो. प्रथिनांनी भरलेले जेवण लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणू शकते, म्हणून चीज आणि दही त्यांनी रात्रीसाठी राखले. भात भरून भाजलेले टोमॅटो, उकडलेली पालेभाजी आणि पाव एवढे मागवले. शाकाहारी माणसाची ग्रीसमध्ये उपासमार होत नाही. जेवणानंतर एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून आधी पाय हलवले, मग उठलो. प्रासाद पाहिला नाही, मांद्राकी बंदरही नाही. परतताना मी त्यांना सांगितले की, याच बेटावर सूर्यदेवाचा तीस मीटरहून उंच कांस्यपुतळा होता, जगातील सात आश्चर्यांपैकी एक. उभारल्यावर साठ वर्षेही झाली नव्हती, तोच इसवी सनपूर्व २२६ च्या सुमारास भूकंपात तो गुडघ्यांतून मोडून पडला. "बघ," हे म्हणाले, "देवाचेही गुडघेच आधी गेले." पावणेतीनला आम्ही जहाजावर होतो.

असा दिवस प्रत्येकाला जमेल असे मी म्हणणार नाही. आजाराची पायरी, हृदयाची स्थिती, तोल, स्मृती हे सारे पाहूनच डॉक्टर परवानगी देतील, आणि त्यांनी नाही म्हटले तर ते ऐकावे. पण ज्यांना परवानगी मिळेल, त्यांनी काय पाहायचे याच्या यादीआधी काय सोडायचे याची यादी करावी. आपल्या माणसाचा चांगला काळ कोणता, तो किती वेळ टिकतो, दर किती पावलांनी बसावे लागते, हे घरच्या अंगणातच मोजून घ्यावे. यासाठी ऱ्होड्सच गाठायला हवे असे नाही. कोपऱ्यावरचे वाचनालय, गावचे देऊळ, सकाळचा बाजार यांनाही हीच रीत लागू पडते.

आणि शुभंकरांनो, एक विनंती. या आठवड्यात आपल्या माणसाला विचारून पाहा, "एकट्याने काय करावंसं वाटतं?" उत्तर आले की लगेच 'नको' म्हणू नका. जमीन, वेळ, औषध, पादत्राण, अंतर यांचा हिशेब करा. तो जुळला, तर नजर पोहोचेल अशा ठिकाणी स्वस्थ बसा.