मावशीचं पत्र

दादर, रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "मावशी, डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलंय, पण मी ते उघडलंच नाही." तेव्हापासून मला चैन नाही. तुझी छकुली रात्रभर कोपराच्या घडीत खाजवते, चादरीला रक्ताचे डाग पडतात आणि औषध मात्र कपाटात!

स्टेरॉइडची तुझी भीती मी माझ्या हातांवर भोगली आहे. फूलबाजारात पंचवीस वर्षं हार ओवले. दसऱ्याच्या आधी पहाटे तीनपासून झेंडू आणि शेवंती. बोटं आधी कोरडी पडली, मग भेगा, मग लस. मला वाटलं, नायटा असेल. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ट्यूब आणली. तिच्यात क्लोबेटासॉल हे फार जहाल स्टेरॉइड, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध. दोन दिवसांत आराम पडे, थांबवलं की दुप्पट उसळे. अशी तीन वर्षं गेली. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने 2018 मध्ये केला, तरी ती अजून सहज हातात पडतात.

शेवटी परळला केईएममध्ये गेले. पाठीवर चाचणीच्या पट्ट्या चिकटवल्या, 48 तासांनी काढल्या, 96 तासांनी पुन्हा पाहिल्या. शेवंतीच्या जागी लाल चट्टा होता. शेवंती, झेंडू, सूर्यफूल आणि ते गाजर गवत, सगळी एकाच कुळातली. 1955 च्या सुमारास पुण्यात दिसलेलं हे गवत पुढे कितीतरी शेतकऱ्यांच्या अंगावर इसब होऊन उठलं. माझं कारण सापडलं म्हणून मी वाचले.

छकुलीचा इसब तसा नाही. तिची कातडीच जन्मतः ओल धरून ठेवत नाही. तिच्याकरता खरं औषध म्हणजे रोजचा ओलावा. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ, टॉवेलने नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर किंवा साधी पेट्रोलियम जेली भरपूर. दिवसातून दोनदा तरी. उटणं, डाळीचं पीठ, मोहरीचं तेल नको. सासूबाई म्हणतात म्हणून अंडं-दूध तर मुळीच बंद करू नकोस, वाढत्या अंगाचं पोर आहे. एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच गांधी उठल्या तरच डॉक्टरांना विचार.

आणि जिथे लाल होऊन खाज सुटली आहे तिथे ते मलम लाव. तुला दिलेलं हायड्रोकॉर्टिसोन सौम्य आहे, माझ्या ट्यूबसारखं नाही. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी रेघ काढली की मोठ्यांच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. घाबरून चिमूटभर लावलं तर आग विझत नाही आणि महिनोन्‌महिने लावत राहावं लागतं. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पूर्ण लाव, मग त्यांच्या सांगण्याप्रमाणेच कमी कर. दोन वर्षांची झाल्यावर चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमस देता येतं, ते स्टेरॉइड नाही. मोठ्यांच्या हट्टी इसबावर आता इंजेक्शनंही निघाली आहेत, पण ती महाग. तिला त्यांची गरज पडेल असं मला वाटत नाही. पुष्कळ मुलांचा इसब वाढत्या वयात मावळतो.

एक मात्र विसरू नकोस. पिवळी खपली धरली, किंवा बारीक पाणीदार फोड एकदम उठले आणि ताप आला, तर सकाळची वाट पाहू नकोस, तशीच दवाखान्यात जा.

शनिवारी येशील तेव्हा ट्यूब बरोबर आण. पेरावर किती काढायचं ते दाखवते, आणि पहिला हात मीच फिरवते.

तुझी मावशी