कमिशन आणि निष्ठा

वकिली पेशाची एक खोड अशी की, दोन पक्षांत कोठे बंध दिसला की त्यामागचा करार शोधावासा वाटतो. कोणी काय द्यावयाचे, कोणी काय घ्यावयाचे, आणि मोडल्यास भरपाई किती? हाच गज घेऊन आम्ही लष्करी अधिकाऱ्याच्या नोकरीकडे पाहू लागलो, तेव्हा तो पुरा पडेना.

संविधानाच्या ३१० व्या अनुच्छेदान्वये केंद्राचा मुलकी नोकर काय आणि लष्करी अधिकारी काय, दोघेही राष्ट्रपतींची मर्जी असेतोवरच पदावर असतात. परंतु पुढचाच ३११ वा अनुच्छेद मुलकी नोकराच्या अंगावर पांघरूण घालतो. चौकशीवाचून त्याला सहसा बडतर्फ करता येत नाही. शिपायाला अथवा त्याच्या अधिकाऱ्याला संविधानाचे ते पांघरूण नाही. ३३ व्या अनुच्छेदाने तर त्यांचे मूलभूत हक्कही आखडते घेण्याची मुभा संसदेला दिली आहे. संघटना काढणे, वर्तमानपत्रांशी बोलणे यांवर बंधन. राजीनामा द्यावा, तर तो मंजूर होईपर्यंत सुटका नाही. मामलेदार कचेरीतला कारकून ज्या अटी ऐकून कपाळाला हात लावील, त्या अटींवर जिवावर उदार होणारी माणसे मिळतात!

मायर आणि ॲलन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली संस्थानिष्ठेचे तीन धागे सांगितले: जिव्हाळा, सोडून जाण्यातला तोटा, आणि राहणे हेच कर्तव्य ही भावना. वर्गवारी सुबक आहे. परंतु अधिकारी का बांधला गेला, यापेक्षा कोणाशी बांधला गेला, हा प्रश्न आम्हांला अधिक बिकट वाटतो.

बेळगावात १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र आहे. जवान बहुतांशी मराठी. अधिकारी मात्र देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातला. केरळातून वा पंजाबातून आलेला तरुण काही महिन्यांत शिवछत्रपतींचा जयघोष आपला म्हणून करू लागतो. उलट, कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात जानेवारी १९४५ मध्ये आराकानातील कांगॉच्या लढाईत उतरले ते पंजाबी पलटणीचे नायक म्हणून. त्यांच्यासोबत थिमय्या व सेन हे आणखी दोन हिंदी पलटणनायक होते, आणि तिघांनाही डी. एस. ओ. हे पदक मिळाले. जन्माने दिलेली भाषा एक, पलटणीने दिलेली दुसरी, आणि पदक देणारा राजा तिसराच.

त्याच ब्रह्मदेशात समोरच्या बाजूला आझाद हिंद सेना होती. थिमय्यांचे वडील बंधू तिच्यात होते. एका घरातले दोन भाऊ, दोघेही देशाचेच नाव घेणारे! पुढे लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला चालला, तेव्हा बचावाला उभे राहिलेल्या भुलाभाई देसाईंनी परतंत्र राष्ट्रालाही स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, असा युक्तिवाद मांडला. आरोपी तिघेही डेहराडूनच्या अकादमीतून निघालेले. त्या अकादमीचे उद्घाटन करताना १९३२ साली सरसेनापती चेटवुड यांनी क्रम लावून दिला होता: आधी देश, मग हाताखालचे जवान, सर्वांत शेवटी स्वतः. या क्रमात राजा नाही, सैन्य ही संस्थाही नाही. ज्याने ‘तुमचा देश’ म्हटले त्याने कोणता देश मनात धरला होता, हे तो जाणे. ऐकणाऱ्यांनी आपला अर्थ काढला.

न्यायालयाने त्यांना राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल दोषी धरून जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती माफ केली. कमिशनवरून बडतर्फी मात्र कायम ठेवली. आम्हांला या निकालातला हा भेद फार बोलका वाटतो. राजाशी केलेला द्रोह पोटात घालता येतो, पण पलटण सोडणे नाही! स्वतंत्र भारतानेही या सैनिकांचा गौरव केला, तरी त्यांना सैन्यात परत घेतले नाही.

ही झाली अधिकाऱ्याची बाजू. संस्था त्याला किती बांधील, हे कोणी फारसे विचारत नाही. १९९२ पासून स्त्रिया अल्पमुदतीच्या कमिशनवर सैन्यात येऊ लागल्या. मुदत वाढत वाढत चौदा वर्षांवर गेली; निवृत्तिवेतनास मात्र अधिकाऱ्याला वीस वर्षे लागतात. कायम कमिशनचे दार बहुतेक शाखांत बंदच होते. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया प्रकरणात ते उघडावयास लावले. सरकारने शारीरिक ठेवणीची व घरगुती जबाबदाऱ्यांची सबब पुढे केली होती. चौदा-चौदा वर्षे चाकरी करून घेतल्यावर ही सबब सुचावी, याचे न्यायमूर्तींनाही नवल वाटले असावे. त्यांनी ती रूढ समजुतीवर बेतलेली ठरवून फेटाळली.